मोठ्या दिवसाचं वजन

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका माणसाची विजेवरची स्कूटर उलट्या बाजूने आली, आणि पेइवनने विचार न करता वडिलांच्या काखेत हात घालून त्यांना फुटपाथवर घेतलं. एवढंच झालं. स्कूटर निघून गेली. मासेवालीने स्कूटरवाल्याला एक शिवी हासडली आणि ती पुन्हा खवले काढायला लागली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पेइवन जागच्या जागी उभी राहिली. तिने ओढायला म्हणून हात घातला होता आणि वडील उचलले गेले होते. पाय जमिनीवरून सुटून, चपलांसकट. पंप कारखान्याच्या भट्टीवर उभा जन्म काढलेला माणूस, ज्याचा हात खांद्यावर पडला की लहानपणी गुडघे वाकायचे, तो तिच्या एका हाताला वरती आला होता, आणि तिला दमही लागला नव्हता.

"हळू गं," वडील म्हणाले. "पिशवीत कोळंबी आहे. चेंगरली तर वॉन्टन कशाचे करशील, माझ्या कानांचे?"

तिने हसून दाखवलं. गेले दोन महिने ती हसून दाखवत होती आणि आता तिला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. वडील पुढे चालू लागले, एका हातात छत्री, दुसरा हात पाठीमागे, जणू काही घडलंच नाही अशा थाटात. तिचा तळवा मात्र ते विसरायला तयार नव्हता. आलुबुखार पिकायच्या दिवसांतली ती चिकट रिपरिप आठवडाभर चालू होती. वूशी शहरातल्या यच्चयावत भिंतींना घाम फुटला होता, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास लागला होता, आणि त्या ओलसर, कोंदट हवेत तिच्या तळव्याला वडिलांच्या बरगड्या लागत राहिल्या. तेवढ्यात तिला आठवलं की आज शिआझी आहे, वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. म्हणजे आठवलं असं नाही, बाजारात त्यासाठीच तर आलो होतो. सकाळी नव्या गव्हाची पेज झाली होती, दुपारी रश्श्यातले, कोळंबी भरलेले कणकेचे वॉन्टन व्हायचे होते. पण वॉन्टन खाऊन झाले की अंगणात काय होतं, ते तिने इतके दिवस डोक्यात येऊ दिलं नव्हतं. आज सगळ्यांची वजनं व्हायची.

खरं तर ही पद्धत लहान मुलांसाठी. मोठ्या दिवशी पोर काट्याला टांगायचं, उन्हाळा त्याला बाधू नये म्हणून चार चांगले शब्द बोलायचे आणि वजन भरलं म्हणून कौतुक करायचं. पण कारखान्याच्या या जुन्या वसाहतीत आता लहान मुलं राहिली कुठे. मुलं शांघायला, मुलांची मुलं त्याहून लांब. राहिले ते म्हातारे, आणि मग म्हाताऱ्यांनीच एकमेकांना टांगायला सुरुवात केली. शेजारच्या गुओ काकांकडे त्यांच्या वडिलांच्या तांदळाच्या दुकानातला दांडीचा काटा होता, पुरुषभर लांबीचा. एका टोकाला जाड आकडा, लांब दांडीवर पितळी ठिपके, आणि दोरीने सरकणारा लोखंडी गोळा. काका तो काटा वर्षभर पलंगाखाली ठेवत आणि या दिवशी पुसून बाहेर काढत. गोळा सरकवण्याचं काम तीन-चार वर्षांपासून पेइवनकडे आलं होतं, कारण काकांचे हात थरथरत. त्या कामाचा एकच नियम होता. गोळा आतून, म्हणजे आकड्याकडून, बाहेर सरकवायचा, बाहेरून आत कधी नाही. बाहेर म्हणजे वाढ. आत घेतला तर त्या माणसाचं आयुष्यच आत घेतलं, अशी समजूत. म्हणून गोळा सरकवणाऱ्याने आधी माणसाकडे नीट बघून अंदाज बांधायचा, अंदाजाच्या जरा अलीकडे गोळा लावायचा, आणि मग दांडी सरळ होईपर्यंत बाहेर, बाहेर नेत राहायचा. शिवाय वजनात शेवटी नऊ आला तर एक वाढवून सांगायचा, कारण नऊच्या पुढे आकडा नाही. ती भूगोल शिकवणारी बाई, तिचा या कशावर विश्वास नव्हता. पण एकदाही तिने गोळा आत घेतला नव्हता, आणि घेण्याची वेळ येईल असं कधी वाटलंही नव्हतं.

वॉन्टनचं सारण कालवताना तिला शाळेतली काठी आठवली. दरवर्षी या दिवसाच्या मागेपुढे ती मुलांना मैदानात नेई, मातीत काठी रोवायला लावी आणि भर दुपारी सावली दाखवी. बघा, वर्षातली सगळ्यांत आखूड सावली. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच काठी रोवली, रोज बघत राहिलं, आणि हा दिवस सापडला. पंचांगातल्या बाकीच्या ऋतुसंधी मागाहून मोजल्या गेल्या. मुलं सावलीवर पाय देत, ढकलाढकली करत, आणि ती पुढचं सांगे: जुन्या माणसांची अशी समजूत होती की या दिवशी उजेड काठोकाठ भरतो, आणि त्याच दुपारी त्याच्या पोटात अंधाराचा पहिला अंश जन्माला येतो. बाहेरून काही कळत नाही. उलट गरमी अजून वाढतच जाते, खरा उन्हाळा पुढेच असतो. पण आतून दिवस उतरायला लागलेला असतो. हे वाक्य सांगताना तिला स्वतःचं कौतुक वाटायचं. या वर्षी पावसाचं निमित्त करून तिने काठी रोवलीच नाही. वडिलांच्या पोटातलं ते कधी जन्माला आलं असेल, हा विचार तिला मैदानाच्या मध्यभागी गाठेल याची तिला खात्री होती. कदाचित मागच्या शरद ऋतूत, खेकड्यांच्या दिवसांत, जेव्हा त्यांनी सहा खेकडे एकट्याने फस्त करून ढेकर दिला होता आणि म्हणाले होते, आता मेलो तरी तक्रार नाही. की त्याच्याही आधी, एखाद्या अगदीच साध्या दिवशी, ते दाढी करत असताना.

वडिलांच्या पोटातल्या गाठीचं डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं. सगळ्यांनाच बाहेर बोलावून सांगतात, आजाऱ्याला सोडून. भाऊ जिआनमिन शेन्झेनहून फोनवर म्हणाला, "त्यांना कळता कामा नये ताई. माणसं रोगाने जात नाहीत, धसक्याने जातात." मग दोघांनी मिळून अल्सर ठरवला. अल्सरची गोळी, अल्सरचं पथ्य, अल्सरसाठी दर पंधरवड्याला सलाईन. औषधांच्या बाटल्यांवरची नावं तिने नखाने खरवडून काढली. आईच्या वेळीसुद्धा असंच केलं होतं, तेव्हा ठरवणारे वडील होते. आई छातीच्या दुखण्याने गेली आणि शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही, शांतपणे गेली, असं सगळे म्हणाले होते. पेइवनला त्या शांतपणाचा आधार वाटे. आता मात्र अंगणातला तो मूर्ख काटा चार म्हाताऱ्यांसमोर बोलणार होता. मागच्या वर्षीचा वडिलांचा आकडा सगळ्या वसाहतीला पाठ होता, एकशे अठरा जिन, म्हणजे एकोणसाठ किलो, आणि त्यांना तर होताच होता. त्यावर ते वर्षभर बढाया मारत.

वजनाला न्यायचंच नाही असंही तिने करून पाहिलं. वॉन्टन खाताना सहज म्हणाली, "बाबा, अंगणात चिखल आहे. आज राहू दे."

"का? मी काय साखरेचा आहे?" त्यांनी वाटीतल्या सहा वॉन्टनपैकी दोन खाल्ले होते, बाकीचे ते चमच्याने रश्श्यात बुडवून ठेवत होते, म्हणजे खाल्ल्यासारखे दिसावेत. "गुओचं पोट बघितलंस? यंदा तो माझ्या पुढे जायला बसलाय. मी गेलो नाही तर तो म्हणेल, गेनबाओ घाबरला."

"तुम्हाला थकवा येईल."

"थकवा कसला. टांगून घ्यायचं तर आहे. लटकण्याइतकं सोपं काम दुनियेत नाही."

आणि ते कपडे बदलायला आत गेले. या उकाड्यातही त्यांनी कारखान्याचा जुना निळा जाड कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. दरवाजा बंद करून ते आत बराच वेळ होते. ती बाहेर वाट्या विसळत आपला बेत पक्का करत राहिली. गोळा फार अलीकडे लावायचा, एकशे अठराच्या कितीतरी अलीकडे, आणि बाहेर नेताना दांडी पुरती सरळ व्हायच्या आतच हात लावून धरायची, आणि खुशाल खोटा आकडा ओरडायचा. ठिपके कुणाला दिसतात? काकांना मोतीबिंदू, शेजारच्या सुन मावशींना चष्मा सापडत नाही, आणि वडील तर लटकलेले असणार. आयुष्यभर पोरांना नकाशात एका बोटाची चूक माफ केली नाही, आणि आता हे. पण खोटं बोलण्याची तिला लाज वाटत नव्हती. भीती एवढीच होती की हात कापेल.

अंगणात दोडक्याच्या मांडवाखाली सगळे जमले होते. पाऊस थांबला होता, पण ढग इतके खाली होते की भर दुपारी कुणाला सावलीच नव्हती. काकांच्या जावयाने आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूने खांद्यावर बांबू घेतला, त्याला काटा टांगला, आकड्याला वेताची खुर्ची. आधी सुन मावशी बसल्या. त्या बसल्या तशी बांबू वाकला आणि जावई कण्हला.

"अरे, इतकं नाटक करू नकोस," मावशी म्हणाल्या. "तुझी सासू बसेल तेव्हा काय करशील?"

"ती माझ्या खांद्यावर रोजच बसलेली असते, मावशी."

हशा झाला. पेइवनने गोळा बाहेर नेला, आकडा सांगितला, वर चांगले दोन शब्द बोलली. मग काका बसले. मग वडिलांची पाळी. ते सावकाश पुढे आले, अगदी तोलून पावलं टाकत, आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून खाली बसले. तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. नियमाप्रमाणे बघून अंदाज बांधायचा असतो, पण तिच्या तळव्याने सकाळीच अंदाज बांधला होता. तिने गोळा खूप अलीकडे लावला. इतका, की काका तिला लाडाच्या नावाने म्हणाले, "आवन, अगं कोंबडी मोजतेस का?" जावयाने बांबू उचलला. लांब दांडी ताडकन वर गेली.

तिने गोळा बाहेर नेला. दांडी वरच. आणखी बाहेर. ती हात लावून धरायला तयार होती, बोटं दांडीखाली आणलेलीही होती, पण दांडी खाली यायचं नावच घेईना. तिने एकेक ठिपका ओलांडला, सकाळच्या अंदाजाचा ठिपका ओलांडला, मग एकशे दहा. एकशे पंधरा. दांडी अजून जराशी वर. एकशे अठरावर ती थबकली. तिला वाटलं आपण चुकीच्या बाजूने वाचतोय. आणखी एक ठिपका, आणि दांडी सरळ झाली, हात न लावता, हवेत सरळ.

"एकशे एकोणीस," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"नऊ आला, एक वाढव," मावशींनी फर्मावलं.

"एकशे वीस."

"बघ गुओ," वडील खुर्चीतून म्हणाले, "अल्सर असून. तू ढेकर दे नुसता." त्यांचा चेहरा घामाने भिजला होता आणि ते हसत होते.

त्यानंतरचा तासभर पेइवन कशी होती हे तिला पुढे कधी नीट आठवायचं नव्हतं. ती घरात आली आणि उभ्यानेच गार झालेले वॉन्टन खाल्ले, वडिलांच्या वाटीतलेसुद्धा. काटा खोटं कशाला बोलेल. लोखंडाला काय कुणाची भीड. म्हणजे रिपोर्टच चुकले असणार, नावांची अदलाबदल होते, आपल्या यौ आडनावाचे काय थोडे आहेत. सकाळी उचलले गेले ते स्कूटरच्या भीतीने तिच्या अंगात आलेल्या बळामुळे, असं होतं, बायका मुलांसाठी मोटारी उचलतात म्हणे. ती जिआनमिनला फोन लावायला निघाली आणि थांबली. आधी दुसऱ्या इस्पितळात तपासून घेऊ, मग त्याला सांगू, मग त्या डॉक्टरला जाऊन विचारू की तुला झोप कशी लागते. रागसुद्धा किती गोड असतो हे तिला त्या तासात कळलं. तिने आईच्या फोटोपुढे नव्या गव्हाच्या पेजेची वाटी सरळ केली आणि फोटोला म्हणाली, बघितलंस?

मग तिला पावडर आठवली. या दिवशी आई सगळ्यांच्या पाठीला घामोळ्याची पावडर लावायची, कापडी पुरचुंडीने थोपटून थोपटून. तिच्या माहेरी बायका एकमेकींना पंखा आणि पावडर देत, त्यातलं तिच्याबरोबर आलेलं एवढंच. आई गेल्यावर वडिलांची पाठ पेइवनकडे आली. ती पुरचुंडी घेऊन त्यांच्या खोलीत गेली. ते कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. कोट खुर्चीवर होता. अंगातली बनियन घामाने चिकटून वर सरकली होती, आणि कमरेवर, हाडाच्या बरोबर वर, एक रुंद लाल पट्टा उमटला होता. चामडी सोलवटलेली. एका ठिकाणी षटकोनी ठसा, त्याच्या बाजूला आणखी एक, ओळीने.

तिला लगेच कळलं आणि तरी ती ते ठसे बघत राहिली. मग वाकून पलंगाखाली पाहिलं. प्रवासात पैसे बांधायचा त्यांचा कापडी कमरपट्टा तिथे ढकलून ठेवला होता, फुगलेला. तिने तो ओढला तर फरशीवर घरघर झाली. नट, बोल्ट, भट्टीवरच्या दिवसांतले लोखंडाचे तुकडे, टीनच्या डब्यात जपलेले. कप्प्यांची तोंडं सुतळीने शिवली होती, मोठ्या वेड्यावाकड्या टाक्यांनी. तो पट्टा उचलायला तिला दोन्ही हात लावावे लागले. हे घेऊन ते जिना उतरले होते. तिच्या तासाभराच्या आनंदाचा एक एक तुकडा तिथे होता, गंजाचा वास येणारा. ती जमिनीवर बसली. रडू आलं नाही. मनात एकच वाक्य: म्हणजे त्यांना माहीत आहे.

"लाव ना," वडील भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "आग होतेय."

तिने पुरचुंडी उचलली. पावडर सोलवटलेल्या जागी लागली तसे त्यांनी दात आवळले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवसापासून. बाटल्या खरवडल्यास, पण वॉर्डच्या दारावर हाताएवढ्या अक्षरांत पाटी आहे, तिचं काय? तुझा भाऊ फोनवर सांगतो, दुसरीकडे खाट रिकामी नव्हती म्हणून इथे टाकलं बाबा. मी म्हटलं, हो का. मला वाचता येतं गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकी मेहनत घेत होता. आणि आज तुला सगळ्यांसमोर गोळा आत घ्यायला लागला असता. ते मला बघवलं नसतं. जरा जास्त भरलं वाटतं. अंदाज चुकला."

ती हसली, आणि ते हसणं मध्येच फाटलं. ती त्यांच्या पाठीवर कपाळ टेकून रडली, पावडर तिच्या तोंडाला लागली. ते वळले नाहीत. बोलले तेव्हा त्यांचा आवाज चिडका होता, तिच्या लहानपणीचा.

"पण वाईट केलंत तुम्ही. दोन महिने मी या खोलीत एकटा आहे. तू बाहेर भांडी घासतेस, मला ऐकू येतं, आणि मी इथे एकटा. तू आलीस की मी तोंड ठीक करून ठेवतो. दमलो मी त्याने. आजाराने नाही एवढा."

"चुकलं बाबा."

"तुझ्या एकटीचं नाही." त्यांचा हात भिंतीवर होता, बोटांनी ते ओलाव्याचा एक फुगवटा दाबत होते. "मी तुझ्या आईला सांगितलं होतं, हवा बदलली की खोकला जाईल. ती म्हणायची, हो, जाईल. रोज म्हणायची. आणि मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचो, तिला काही कळत नाही, शांत आहे. ती तोंड ठीक करून ठेवत होती, आवन. माझ्यासाठी. इतकी वर्षं मला वाटत होतं मी तिला सांभाळलं."

पेइवन आईचा चेहरा आठवू लागली, त्या शेवटच्या दिवसांतला, आणि जो शांतपणा तिला आजवर आधार वाटत आला होता त्याच्यामागे तिला आता एक बाई दिसायला लागली, एकटी, दार लागायची वाट बघणारी. बाहेर मावशी कुणाला तरी चिखलावरून ओरडत होत्या. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. ती पावडर लावत राहिली, कारण दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं.

मग वडील वळले. कष्टाने, कोपरावर जोर देऊन, तिच्याकडे तोंड करून. त्यांचे गाल आत गेले होते. आता ते तोंड ठीक करत नव्हते, आणि ते तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं. घाबरलेल्या माणसाचं तोंड.

"तुला डॉक्टरांनी सगळं सांगितलंय?"

"हो."

"मग सांग. दुखेल का गं फार?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. ते तिने आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं, हसत. ते जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "औषध देतील. तरी दुखेल."

त्यांनी डोळे मिटले. मग ते पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला सरकले, आणि तिच्यासाठी जागा केली.